दिव्याचे तांदूळ आणि हार्वर्डचे मांजर

देवाच्या स्नानोदकात रात्रभर भिजत ठेवलेले तांदूळ. सकाळी ते उपाशीपोटी चावायचे आणि पिंपळाच्या पानावर थुंकायचे. चोरीचा आळ आलेल्या माणसासाठी धर्मशास्त्राने सांगितलेले हे ‘तंडुल दिव्य’. थुंकीत रक्त दिसले, जबडा ढिला पडला वा अंगाला कंप सुटला, की तो दोषी.

दिव्ये अनेक होती: तुला, अग्नी, जल, विष, कोश इत्यादी. मराठेशाहीच्या न्यायनिवाड्यांत गाजलेले ते रवादिव्य, म्हणजे उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढणे. ‘दिव्य करणे’ हा मराठी वाक्प्रचार या परंपरेचीच खूण आहे. त्या मानाने तांदळाचे दिव्य सौम्य. हात भाजत नाही, जीव जात नाही. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण तेच.

या दिव्याचा उल्लेख १९१५ साली एका अनपेक्षित ठिकाणी आला. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी वेदना, भूक, भय आणि क्रोध यांनी शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. भयाने लाळ आटते, हे सांगताना त्यांनी भारतातील तांदळाच्या परीक्षेचे उदाहरण दिले. त्यांच्या वर्णनात दोषाची खूण रक्त नसून कोरडा बाहेर पडलेला तांदूळ ही आहे. दोन्ही वर्णनांत फारसा विरोध मानण्याचे कारण नाही. कोरड्या तोंडात कच्चा तांदूळ चावताना हिरडी खरचटणे सहज शक्य आहे.

कॅनन या विषयाकडे वळले ते पचनसंस्थेच्या अभ्यासातून. १८९५ च्या अखेरीस राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी वैद्यकाचा हा नवा विद्यार्थी प्राण्यांच्या पोटात डोकावू लागला. मांजराला बिस्मथचा क्षार मिसळलेले अन्न द्यायचे आणि जठराच्या लाटा पडद्यावर पाहायच्या. काही वेळा त्या लाटा एकाएकी थांबत. बिघाड यंत्रात नव्हता. बांधून ठेवलेले मांजर बिथरले की जठर थबके, आणि अंगावरून हात फिरवून त्याला शांत केले की पुन्हा चालू होई.

ही किरकोळ वाटणारी अडचण हाच पुढे त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय झाला. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींचा अर्क रक्तदाब वाढवतो हे लंडनमध्ये दिसून आले होते. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी त्यातील ॲड्रेनलिन वेगळेही काढले होते. प्रश्न उरला होता तो असा: जिवंत प्राणी घाबरतो तेव्हा हा रस खरोखर रक्तात उतरतो का?

१९११ मध्ये कॅनन आणि दे ला पाझ यांनी तो प्रयोगाने सोडवला. मांजराच्या मांडीच्या शिरेतून बारीक नळी ग्रंथींच्या शिरांपर्यंत सरकवून त्यांनी रक्त घेतले. मग मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि पुन्हा रक्त घेतले. आतड्याच्या स्नायूची एक पट्टी दोन्ही रक्तांत ठेवून पाहिली. शांत मांजराच्या रक्तात ती लयीत आकुंचन पावत राहिली. भ्यालेल्या मांजराच्या रक्तात सैल पडली.

त्यातून जे चित्र उभे राहिले ते ‘लढा किंवा पळा’ या नावाने ओळखले जाते. हृदय वेगाने धावते, यकृत साखर सोडते, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळते, ते लवकर गोठू लागते. पचन आणि लाळ ही त्या घटकेला चैनीची कामे ठरतात. शरीर अशा रीतीने धावपळीची तयारी करते, धावपळ व्हायची असो वा नसो. १९१३ च्या हंगामातील अखेरच्या फुटबॉल सामन्यानंतर हार्वर्डच्या २५ खेळाडूंचे मूत्र तपासले गेले. १२ जणांच्या मूत्रात साखर सापडली, आणि त्यांतील ५ जण मैदानात उतरलेच नव्हते. ते राखीव खेळाडू होते, नुसते बसून होते.

तांदळाच्या दिव्याचा दोष येथेच उघडा पडतो. ग्रंथींना संकट कळते, त्याचे कारण कळत नाही. चोर पकडले जाण्याच्या धास्तीने कोरडा पडतो आणि निरपराध माणूस खोटा आळ खरा ठरण्याच्या धास्तीने. उलट निर्ढावलेल्या चोराचे तोंड ओलेच राहू शकते. दिव्यावर जितकी श्रद्धा अधिक, तितकी अपराध्याला भीती अधिक, एवढा तर्क त्यामागे होता आणि तो अगदीच खुळा नव्हता. पण त्याची किंमत भित्र्या स्वभावाच्या सज्जनाने मोजायची होती.

तरीही ही कल्पना मेली नाही. तिने यंत्राचे रूप घेतले, आणि तेही हार्वर्डमध्येच. तेथील विल्यम मार्स्टन यांनी रक्तदाबावरून असत्य ओळखण्याची परीक्षा मांडली. (‘वंडर वुमन’ ही चित्रकथेतील नायिका पुढे याच गृहस्थांनी निर्माण केली. तिच्या हाती खरे बोलायला लावणारा दोर आहे, हे ओघानेच आले.) वॉशिंग्टनमधील जेम्स फ्राय या खुनाच्या आरोपीची परीक्षा घेऊन तो खरे बोलत असल्याचा निर्वाळा मार्स्टन यांनी दिला. १९२३ मध्ये अपील न्यायालयाने असा पुरावा अग्राह्य ठरवला. या पद्धतीला शास्त्रज्ञांची सर्वसाधारण मान्यता नाही, हे कारण. फ्रायची शिक्षा कायम राहिली.

कॅनन यांच्या शरीराने त्या आरंभीच्या वर्षांची वेगळीच नोंद ठेवली होती. क्ष-किरणांचा धोका तेव्हा पुरता उमगलेला नव्हता. उतारवयात त्यांना त्वचेचा असाध्य विकार जडला आणि त्याचा संबंध तरुणपणीच्या या प्रयोगांशी लावला जातो. १९४५ मध्ये ते निवर्तले.

भारतात हा वाद २१ व्या शतकात न्यायालयासमोर आला. २००४ मध्ये, तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात, मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना मुभा दिली होती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निराळा निर्णय दिला. पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष स्वतःच्या बळावर पुरावा ठरणार नाही.