छातीवरच्या पट्टीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. एका संध्याकाळी इफ्तारला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याचे नाव मुलीचे होते. आता तो मुलगा म्हणून जगतो, एका दुकानात काम करतो, म्हणून मीही 'तो' असेच लिहिणार आहे. दोन जिने चढून आला आणि दारातच भिंतीला धरून उभा राहिला. चेहरा पांढराफटक, श्वास अर्धवट. मला वाटले दमा असेल. खजूर आणि पाणी पोटात गेल्यावर म्हणाला, "टीचर, दमा नाही. पट्टी आहे." मेडिकलमधून आणलेल्या दोन क्रेप बँडेज एकावर एक, छातीभोवती आवळून. सकाळी आठपासून. वर रोजा आणि दुकानातला पत्रा.

पहिल्यांदा रागवावेसे वाटले, हे कबूल करते. पण रागवायचे कोणाला आणि कशासाठी, हे कळेना. मग मी वाचायला बसले. पारलिंगी पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पण स्वतःला पुरुष मानणारा माणूस, छाती का बांधतो आणि त्याचे शरीर त्याची काय किंमत मोजते, हे शोधताना बराच इतिहास हाती लागला.

त्यातला सगळ्यात जास्त मनात राहिलेला माणूस म्हणजे अमेरिकेतला जॅझ पियानोवादक बिली टिप्टन. जन्म १९१४, ओक्लाहोमा सिटी. १९३०च्या दशकात त्याने पुरुषाचा पेहराव केला, छाती बांधली आणि बँडमध्ये काम मिळवले. पुढे पन्नासहून जास्त वर्षे तो पुरुष म्हणूनच जगला. १९५०च्या दशकात त्याचे त्रिकूट गावोगाव कार्यक्रम करत होते, १९५७ साली दोन रेकॉर्डही निघाल्या. मग तो वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात स्थायिक झाला, कलाकारांना कार्यक्रम मिळवून देण्याचे काम करू लागला, संसार केला, तीन मुलगे दत्तक घेतले.

पट्टीबद्दल घरात प्रश्न येणारच. त्यासाठी बिलीने एक गोष्ट रचून ठेवली होती. तरुणपणी मोटारीचा मोठा अपघात झाला, त्यात फासळ्या मोडल्या, त्या नीट जुळल्या नाहीत, म्हणून छातीला कायम आधार बांधावा लागतो. ही गोष्ट सोबतच्या बायकांनी मानली, मुलांनी मानली.

हे वाचताना मी थांबले. कारण घट्ट पट्टी वर्षानुवर्षे बांधली तर त्रास होतो तो फासळ्यांनाच. बिलीने फासळ्या मोडल्याचे कारण खोटे सांगितले, पण पट्टीखालचे दुखणे खोटे असायचे कारण नव्हते. ते खऱ्या कारणासह कोणाला सांगता मात्र येत नव्हते. म्हातारपणी तब्येत ढासळली, पैसे संपले, पोटातला अल्सर वाढत गेला, तरी तो डॉक्टरकडे गेला नाही. डॉक्टर म्हणजे शर्ट काढणे. २१ जानेवारी १९८९ रोजी, ७४व्या वर्षी, त्या अल्सरमधून रक्तस्राव होऊन तो गेला. जीव वाचवायला आलेल्या माणसांनी कपडे उघडले तेव्हा मुलाला पहिल्यांदा कळले. मग वर्तमानपत्रांना कळले, आणि गुपिताच्या बातम्या झाल्या. वेळेवर डॉक्टर गाठला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मागे पडला.

बिली स्वतःला काय म्हणवत होता, याबद्दल त्याने काही लिहून ठेवलेले नाही. 'नोकरीसाठी केले' असे म्हणणारे आहेत. पण बँड सुटल्यावरही, म्हातारपणीही, घराच्या चार भिंतींतही तो पुरुषच राहिला, हे त्या लोकांनी लक्षात घ्यायला हवे.

शरीर उघडे पडण्याची ही भीती त्याआधीही दिसते. ब्रिटिश लष्करातला सर्जन जेम्स बॅरी १८१२ साली एडिंबरामधून डॉक्टर झाला. १८२६ साली केप टाउनमध्ये त्याने केलेल्या सिझेरियनमध्ये आई आणि बाळ दोघेही जगले, आणि त्या काळात ही फार दुर्मीळ गोष्ट होती. इतरांच्या शरीरावर इतका हात बसलेल्या या माणसाने स्वतःचे शरीर मात्र कोणाला पाहू दिले नाही. १८६५ साली मृत्यूनंतर प्रेत आवरणाऱ्या बाईकडून ते जगाला कळले.

अमेरिकेतला डॉक्टर अ‍ॅलन हार्ट याची गोष्ट तर आणखी विलक्षण. १९१७-१८च्या सुमारास त्याने एका डॉक्टरला स्वतःहून सगळे सांगितले, गर्भाशय काढून घेतले आणि पुरुष म्हणून आयुष्य सुरू केले. ओळख उघड झाली म्हणून नोकरी आणि गाव सोडावे लागले. पण पुढे त्याने काम केले ते छातीच्या एक्स-रेचे. खोकला सुरू होण्याआधीच फुप्फुसातला टीबी एक्स-रेमध्ये पकडायचा, ही पद्धत रुजवणाऱ्यांत त्याचे नाव आहे. हजारो लोकांच्या छातीची काळजी घेणाऱ्या या माणसाने स्वतःची खासगी पत्रे आणि फोटो मृत्यूनंतर नष्ट करायला सांगितले होते.

ज्यांना वैद्यकशास्त्राने हात दिला, त्यांचे आयुष्य कसे बदलले? इंग्लंडच्या मायकेल डिलनवर १९४२ साली, युद्ध चालू असताना, छातीची शस्त्रक्रिया झाली. १९४४ साली जन्मनोंद बदलली. पुढे तो डब्लिनमध्ये शिकून डॉक्टर झाला. १९५८ साली वर्तमानपत्रांनी त्याला गाठले तेव्हा तो जहाजावर डॉक्टर होता. ते सोडून तो भारतात आला, बौद्ध झाला, लडाखमधल्या रिझाँग मठात राहिला आणि १९६२ साली डलहौसीत वारला. हार्टही त्याच वर्षी गेला. छातीचा प्रश्न सुटला तरी लोकांच्या नजरेचा प्रश्न सुटतोच असे नाही, हे डिलनकडे पाहून कळते.

आता थोडे शरीराबद्दल. श्वास घेताना फासळ्या बाहेर आणि वर सरकतात, तेव्हाच फुप्फुसाला जागा मिळते. क्रेप बँडेज मुरगळलेल्या पायासाठी बनवलेली असते. छातीवर ती बांधली की हालचालीबरोबर सरकते, गोळा होते आणि एकाच जागी काचते. चिकटपट्टी त्याहून वाईट, ती कातडीही सोलते. आज खास शिवलेले बाइंडर मिळतात, ते छातीवर दाब सारखा पसरवतात. पण तेही निर्धोक नाहीत. २०१७ साली छापून आलेल्या एका संशोधनात छाती बांधणाऱ्या १८०० जणांना विचारले होते. त्यातल्या ९७ टक्क्यांहून जास्त जणांनी काही ना काही त्रास सांगितला : पाठदुखी, उष्णता, छातीत दुखणे, धाप, खाज. आठवड्यातले जितके जास्त दिवस बांधणे, तितका त्रास जास्त, असेही त्यात दिसले. आणि तरीही त्यांतल्या अनेकांनी सांगितले की बांधल्यामुळे मनाची घुसमट कमी होते, बाहेर पडण्याचे धैर्य येते. म्हणूनच 'सोडून दे' एवढे सांगून भागत नाही.

आपल्या लोकांशीही दोन शब्द. फिक्हच्या ग्रंथांना शरीराचे प्रश्न नवे नाहीत. बाराव्या शतकातल्या 'हिदाया'मध्ये खुन्सावर, म्हणजे ज्याचे लिंग जन्मतः स्पष्ट नाही अशा माणसावर, स्वतंत्र प्रकरण आहे. नमाजच्या रांगेत त्याने कुठे उभे राहायचे याचीही चर्चा फकीहांनी केली, कारण तो रांगेत असणारच हे त्यांनी गृहीत धरले होते. पारलिंगी माणसाचा प्रश्न हुबेहूब तोच नाही, आणि बहुतेक उलेमा त्याबाबतीत कठोर आहेत, हे मला माहीत आहे. पण जखमेवर पट्टी असेल तर ती न सोडता वजूमध्ये वरून ओला हात फिरवण्याची सवलत याच फिक्हने दिली. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा तर कुरआननेच दिली. जिवाची हिफाजत हा शरियतच्या पाच मूळ हेतूंपैकी एक. समोर मूल धापा टाकत असताना आधी फतवा आणि मग पाणी, हा क्रम आपल्या दीनचा नाही.

त्या संध्याकाळी मला यातले काही माहीत नव्हते. पुढच्या भेटीत मी त्याला सांगितले ते साधे होते. बेटा, क्रेप बँडेज बंद. मापाचा बाइंडर घे, एकावर एक दोन कधीच नाही. आठ तासांच्या वर नको, झोपताना तर नाहीच. आठवड्यातून काही दिवस छाती मोकळी ठेव, सैल शर्टाच्या आत जाड बनियन घालून काम भागते का बघ. काढल्यावर हात वर ताणून सावकाश खोल श्वास घे, खोकून बघ. खाली सुती कापड घाल, कातडी कोरडी ठेव. ओझे उचलताना, पळताना बांधू नकोस. बधिरपणा आला, फासळीत कळ आली, चक्कर आली तर त्याच क्षणी काढ आणि डॉक्टरकडे जा.

बाकी सगळे त्याने ऐकले. डॉक्टरचे नाव काढले तसा गप्प झाला. म्हणाला, "तिथे शर्ट काढायला लावतात, टीचर. मग सगळे बघायला येतात."

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ साली कायदा झाला, त्यात आरोग्यसेवेचा उल्लेख आहे. पण दवाखान्याच्या पडद्याआड कायदा बरोबर येत नाही, माणूस यावा लागतो. मी त्याच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगितले, आधी विचारले, मग तपासले. फासळ्यांमधले स्नायू सुजले होते, बाकी काही नव्हते.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "एवढंच होतं?" मला बिली टिप्टन आठवला. त्याच्याबरोबर दवाखान्यात जायला कोणी नव्हते, आणि कोणी असते तरी त्याने त्यांना काय सांगितले असते? आमच्याकडे निदान खोटी गोष्ट रचायची गरज पडली नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात उन्हाळ्यातही दोन-दोन कपडे घालून कोणी वाकून बसत असेल, जिना चढताना थांबत असेल, तर दमा आहे असे ठरवून मोकळे होऊ नका. दार लावून, हळू आवाजात, एकदा विचारून बघा.