भूकंपमापकाची कुळकथा

भूकंप मोजण्यातली मूळ अडचण अशी, की मोजणारा माणूस, त्याचे यंत्र आणि यंत्राखालची जमीन हे सगळे एकदमच हलते. हालचाल मोजायची तर न हलणारे काहीतरी हवे. टांगलेल्या जड लंबकाने ही गरज भागवली. जमीन अचानक सरकली, तरी जडत्वामुळे लंबकाचे वजन काही काळ जागच्या जागी राहते. त्याला टोकदार काटा जोडून खाली काजळी धरलेली काच फिरती ठेवली, की जमिनीची हालचाल काचेवर उमटते. तत्त्व इतके साधे, तरी त्यातून भरवशाचे यंत्र घडायला 1880 साल उजाडावे लागले.

त्याआधीची उपकरणे बहुतेक सूचना देणारी होती. चीनमध्ये इ.स. 132 मध्ये चँग हंग याने तयार केलेल्या कांस्यपात्राला आठ दिशांना आठ ड्रॅगन होते. धक्का बसला की एका ड्रॅगनच्या तोंडातला गोळा खालच्या बेडकाच्या तोंडात पडे. भूकंप झाला एवढे त्यावरून समजे, दिशेचा अंदाजही येई. पण जमीन कशी आणि किती वेळ हलली, हे कळण्याची सोय नव्हती. व्हेसूव्हियसच्या वेधशाळेत लुइजी पाल्मिएरी यांनी 1856 मध्ये विजेवर चालणारे उपकरण बसवले. त्यात भूकंपाची वेळ नोंदली जाई.

खरे वळण आले ते जपानमध्ये. मेजी राजवटीने अभियांत्रिकी शिकवण्यासाठी परदेशी अध्यापक बोलावले होते. जॉन मिल्न 1876 मध्ये खाणकाम आणि भूविज्ञान शिकवायला टोकियोत आले, जेम्स ईविंग 1878 मध्ये यंत्रशास्त्र आणि भौतिकी शिकवायला. टॉमस ग्रे हेही तिथेच होते. भूकंप हा यांच्यापैकी कुणाच्याच नेमणुकीचा विषय नव्हता. 22 फेब्रुवारी 1880 रोजी योकोहामाला जोराचा धक्का बसला आणि त्याच वर्षी मिल्न यांच्या पुढाकाराने जपानची भूकंपशास्त्र संस्था स्थापन झाली. या विषयाला वाहिलेली ही जगातली पहिली संस्था. ईविंग यांनी आडवा लंबक वापरला. बिजागरीवरच्या दारासारखा तो सावकाश झुलतो, म्हणून जमिनीच्या संथ हालचालीतही त्याचे वजन बरेचसे स्थिर राहते. मिळालेल्या भूकंपलेखांनी जुनी समजूत मोडली. भूकंप म्हणजे एकदोन मोठे हिसके नव्हेत. बारीक कंपाने सुरुवात होते, मग जमीन दिशा बदलत पुष्कळ वेळ हलत राहते.

ईविंग यांचे सहायक सेकिया सेइकेई 1886 मध्ये टोकियोच्या शाही विद्यापीठात भूकंपशास्त्राचे प्राध्यापक झाले. जगात कुठेही असे पद यापूर्वी नव्हते. 15 जानेवारी 1887 च्या भूकंपात जमिनीचा एक कण कसकसा फिरला, ते त्यांनी तांब्याची तार वाकवून दाखवले. गुंताड्यासारखी दिसणारी ती प्रतिकृती अध्यापनाच्या साधनांचा उत्कृष्ट नमुना मानावी लागेल. 28 ऑक्टोबर 1891 च्या नोबी भूकंपात सात हजारांहून अधिक माणसे दगावली आणि सरकारने पुढच्याच वर्षी भूकंप अन्वेषण समिती नेमली. ओमोरी फुसाकिची यांनी या भूकंपानंतरचे धक्के मोजले आणि त्यांची संख्या कालांतराने कशी घटते, याचा नियम 1894 मध्ये मांडला. तो आजही वापरात आहे.

दूरचे भूकंप टिपता येतात हे मात्र अनपेक्षितपणे कळले. एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ यांच्या पॉट्सडॅम येथील अतिसूक्ष्म आडव्या लंबकावर 17 एप्रिल 1889 रोजी विचित्र कंप उमटला. त्याच दिवशी जपानमध्ये भूकंप झाल्याचे त्यांच्या नंतर वाचनात आले. पृथ्वीच्या पोटातून तरंग इतक्या दूर पोचतात, याचा हा पहिला पुरावा. मिल्न 1895 मध्ये इंग्लंडला परतले आणि त्यांनी जगभर एकाच प्रकारची यंत्रे बसवण्याचा खटाटोप केला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही त्यांचे यंत्र आले.

पुढचे श्रेय भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांचे. 12 जून 1897 च्या आसाम भूकंपाचे युरोपातले भूकंपलेख तपासताना त्यांना तीन टप्पे वेगळे दिसले. आधी येतात दाब-विरळीचे प्राथमिक तरंग, मग आडवे हेलकावे देणारे दुय्यम तरंग आणि शेवटी पृष्ठभागावरून जाणारे. पहिले दोन तरंग घन पदार्थातून वेगवेगळ्या गतीने जातात हे गणिताने कधीच सांगितले होते. आता त्यांचा प्रत्यक्ष ठसा मिळाला. दोघांच्या येण्यामधला वेळ जितका जास्त, तितका भूकंप दूर. निदान तीन ठिकाणांहून अशी अंतरे काढून नकाशावर वर्तुळे आखली, की ती जिथे छेदतात तिथे अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या बरोबर वरचे जमिनीवरचे ठिकाण, सापडते. भूकंपशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा सराव अजूनही हाताने करायला लावतात. ओल्डहॅम यांनी 1906 मध्ये याच तरंगांच्या प्रवासवेळांवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले.