काटा खाली आला

गाडी कुणा एकाची नाही. बिघाड खरा आहे. पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियमचं हेड. मुक्काम बार्शी, महिना डिसेंबर. उद्या सकाळी १०:०५ ला इंजिन जाणार आहे.

आदला दिवस, ७:१०. सायलेन्सरमधून पांढरी वाफ, टोकाला पाण्याचे थेंब. यात वावगं काही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. नळी गार असली की ते दिसतं. शेजारी म्हणतो, "थंडीचं असतंय की ते."

७:३५. नळी तापली आहे. आता वाफ दिसायला नको. ती दिसते आहे, आणि मघापेक्षा दाट.

१८:४०. कूलंटची बाटली खालच्या रेघेच्याही खाली. गाडीखाली फरशी कोरडी. गळत नाही, तर पाणी जातंय कुठं? हा प्रश्न इथं पडायला हवा होता. त्याऐवजी अर्धा लिटर बोअरचं पाणी ओतलं जातं.

२०:१५. इंजिन बंद, पण कूलंटचा दाब अजून उतरलेला नाही. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट एका जागी फाटलं आहे. तिथून पाणी तिसऱ्या सिलिंडरमध्ये झिरपतं.

दुसरा दिवस, ६:५०. स्टार्टर मारल्यावर इंजिन थरथरतं. एक सिलिंडर पेटत नाही. काही सेकंदांत सुरळीत. पाणी दाबलं जात नाही. ते जास्त साठलं असतं, तर कनेक्टिंग रॉड इथंच वाकला असता.

७:०५. गॅरेज. मिस्त्री सायलेन्सरपुढं हात धरतो, हुंगतो. गोडसर वास. "मालक, आज गाडी सोडा. गार झाल्यावर झाकण काढून चालू करू. बुडबुडे आले तर गॅस्केट."

"येडेश्वरीला जाऊन येतो, मग सोडतो."

९:१५. पाच माणसं घेऊन गाडी येरमाळ्याकडं निघते.

९:४०. पांगरीच्या आसपास. मागं बसलेल्यांना थंडी वाजते म्हणून हीटर लावला. गार हवा येते. हीटरमध्ये गरम पाणी पोचतच नाही. वाटेत वायू अडकला आहे. काचा वर केल्या जातात.

९:५२. रस्ता बालाघाटाला चढू लागतो. काटा मध्याच्या वर.

९:५८. काटा लाल पट्टीला टेकतो. मागून आलेला मोटारसायकलवाला हात करतो, पुढं निघून जातो.

१०:०१. काटा खाली येतो. गाडीत सगळ्यांना हायसं वाटतं. सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो. त्याच्याभोवती आता पाणी उरलेलं नाही. इंजिन गार झालेलं नाही. अजून चार मिनिटं आहेत.

१०:०५. ओढ जाते. खडखडाट. बंद.

१०:०८. एक हात रेडिएटरच्या झाकणाकडं जातो. मागून कुणीतरी ओरडतं, "उघडू नका!" सकाळपासून मानलेली ही पहिली सूचना.

१३:३०. टोचन करून गाडी बार्शीत.

१६:१०. हेड उतरवलं. तीन पिस्टन काजळीनं काळे. तिसरा वाफेनं धुऊन लख्ख. मिस्त्री हेडवर सरळ पट्टी ठेवतो आणि फटीत फीलर गेजची पात घालतो. अशा हेडला चालणारा वाक साधारण ०.०५ मिलिमीटर. ०.३० ची पात आरपार जाते.