किती आणि कसे : धर्मांतराच्या इतिहासाची मोजणी आणि वाचन

‘तुमचे पूर्वज मुसलमान कसे झाले?’ हा प्रश्न मराठी मुसलमानाला आयुष्यात कधी ना कधी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याकडे बहुधा उत्तर तयार असते : तलवारीच्या धाकाने. आपल्या काही घरांतही एक उत्तर तयार असते : आमचा शजरा थेट अरबस्तानला जाऊन मिळतो. ही दोन उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण एका बाबतीत ती सख्खी भावंडे आहेत. दोघांनाही पुराव्याची गरज भासत नाही.

संशोधकाला मात्र पुराव्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि पुरावा हाताळण्याच्या त्याच्याकडे ढोबळमानाने दोन पद्धती असतात. एक संख्यात्मक, म्हणजे मोजण्याची. किती, कुठे, केव्हा, या प्रश्नांची उत्तरे ती देते. दुसरी गुणात्मक, म्हणजे वाचण्याची आणि ऐकण्याची. कसे, का आणि त्या माणसांना काय वाटले, हे ती शोधते. वैद्यक आणि अर्थशास्त्रात पहिलीचा वरचष्मा असतो, मानवशास्त्र आणि साहित्याच्या अभ्यासात दुसरीचा. इतिहासाला दोन्ही लागतात. धर्मांतराच्या प्रश्नाइतके हे स्पष्ट करणारे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

ही विभागणी आधुनिक विद्यापीठांनी नावारूपाला आणली, पण तिच्यामागचा विचार जुना आहे. अल्-बिरुनीने (जन्म 973) पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिजाचा कोन मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. हाच अल्-बिरुनी संस्कृत शिकला, पंडितांशी बोलला आणि 1030च्या सुमारास त्याने हिंदुस्थानवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात खंडनमंडन करण्याऐवजी हिंदू लोक स्वतःबद्दल काय सांगतात ते त्याने नोंदवले. डोंगराला कोन विचारायचा आणि माणसाला त्याचे म्हणणे विचारायचे, एवढा विवेक त्याच्यापाशी होता.

इब्न खल्दूनने 1377 मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’मध्ये तर सुरुवातीलाच इतिहासकारांच्या आकड्यांची झडती घेतली आहे. हजरत मूसा यांच्या फौजेत सहा लाखांहून अधिक लढवय्ये होते, असे आधीचे इतिहासकार लिहीत आले होते. इब्न खल्दूनचा सवाल साधा होता : एवढी फौज रणांगणात उभी राहिली, तर तिच्या एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळणार कसे? याकूब आणि मूसा यांच्यात मोजक्याच पिढ्यांचे अंतर, तेवढ्यात एका कुटुंबाचे इतके लोक होतील कसे? पैसा आणि सैन्य यांचे आकडे सांगताना माणसाची जीभ सैल सुटते, हे त्याने ओळखले होते. आकडा लिहिलेला आहे एवढ्याने तो खरा ठरत नाही. ज्या समाजाबद्दल तो सांगितला आहे, त्या समाजाच्या घडणीशी तो जुळला पाहिजे.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. 1872 मध्ये बंगालमध्ये पहिली जनगणना झाली आणि इंग्रज अधिकारी चकित झाले. मुसलमानांची वस्ती प्रामुख्याने जुन्या राजधान्यांच्या आसपास असेल, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात मुसलमान सर्वाधिक निघाले ते पूर्व बंगालच्या खेड्यापाड्यांत, पाणथळ शेतांत भात पिकवणारे. जनगणनेचा अहवाल लिहिणाऱ्या हेन्री बेव्हर्ली यांनी हे लोक इथल्याच खालच्या जातींतून आलेले असावेत, असा निष्कर्ष काढला. तो अश्राफ मंडळींना झोंबला. मुर्शिदाबादच्या नवाबांचे दिवाण खोंदकार फझली रब्बी यांनी 1895 मध्ये पुस्तक लिहून बंगाली मुसलमान बाहेरून आलेल्यांचे वंशज असल्याचे मांडले. म्हणजे आकडा समोर येताच त्याच्या अर्थावरून भांडण सुरू झाले. आकडे स्वतः बोलत नाहीत, त्यांना बोलते करावे लागते.

ते काम रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने नेटाने केले. बंगालमधील इस्लामच्या प्रसारावरचे त्यांचे पुस्तक 1993 मध्ये आले. त्यांनी एक सरळ तपासणी केली. धर्मांतर तलवारीने झाले असेल, तर जिथे मुस्लिम सत्ता सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत घट्ट होती, तिथे मुसलमानांचे प्रमाण सर्वाधिक असायला हवे. इंग्रजी काळातल्या जनगणनांचा नकाशा नेमका उलटे सांगतो. दिल्ली-आग्र्याच्या टापूत, गंगेच्या वरच्या खोऱ्यात, हे प्रमाण दहा ते पंधरा टक्के होते. सत्तेच्या कडेला असलेल्या पूर्व बंगालमध्ये आणि पश्चिम पंजाबमध्ये ते सत्तर ते नव्वद टक्क्यांपर्यंत जात होते. तलवार जिथे जवळ होती तिथे मुसलमान कमी, आणि जिथे लांब होती तिथे जास्त.

याच नकाशाने आणखी एका लाडक्या सिद्धान्ताला अडचणीत आणले. जातीच्या जाचाला कंटाळून लोक समतेच्या धर्मात आले, असे आपल्यातले अनेकजण अभिमानाने सांगतात. मग जिथे वर्णव्यवस्था सर्वांत पक्की होती, तिथे धर्मांतर सर्वाधिक दिसायला हवे होते. पूर्व बंगाल आणि पश्चिम पंजाब हे तर ब्राह्मणी व्यवस्थेचा प्रभाव तुलनेने विरळ असलेले प्रदेश. आकडे आपल्याला हवे तेवढेच घेता येत नाहीत. विरोधकाचा दावा पाडणारा नकाशा आपलाही दावा तपासतो.

इथे कोणी नेताजी पालकरांचे नाव घेईल, आणि ते घेतलेच पाहिजे. औरंगजेबाच्या कैदेत असताना 1667 मध्ये त्यांचे धर्मांतर झाले, त्यांना मुहम्मद कुली खान हे नाव मिळाले आणि 1676 मध्ये ते शिवाजी महाराजांकडे परतून पुन्हा हिंदू झाले. ही घटना खरी आहे, सक्ती खरी आहे. अशी इतरही उदाहरणे आहेत आणि ती नाकारणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. पण एका सरदाराच्या कहाणीवरून लाखो विणकरांचा, शेतकऱ्यांचा, पिंजाऱ्यांचा इतिहास काढता येत नाही. कहाणी घडल्याची साक्ष देते, प्रमाण सांगत नाही. उलट, टक्केवारी प्रमाण सांगते, पण कैदेतल्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे तिला कधीच कळणार नाही.

आकड्यांनी ईटन यांना ‘तलवार नाही’ इथपर्यंत आणले. मग नेमके काय घडले, या प्रश्नापाशी नकाशा गप्प झाला. पुढचे उत्तर कागदपत्रांत होते. गंगेचा मुख्य प्रवाह पूर्वेकडे सरकत गेला, त्या बाजूची जंगले लागवडीखाली येऊ लागली. मोगल अधिकाऱ्यांनी जंगल तोडून भातशेती वसवणाऱ्यांना करमाफ जमिनी दिल्या. चित्तगाव आणि सिल्हेटच्या सनदांतून दिसते की, या जमिनी घेणाऱ्यांत पीर, काझी आणि मशिदींचे सेवेकरी बरेच होते. त्यांच्याभोवती कुळे गोळा झाली. मशीद हे नव्या वस्तीचे केंद्र झाले. नांगर आणि नमाज यांचा प्रवास एकाच वाटेने झाला. आणि सय्यद सुलतान यांच्या ‘नबी-बंग्श’सारख्या बंगाली काव्यांत दिसते की, इथल्या देवदेवता आणि पैगंबरांची परंपरा यांची सांगड लोक आपल्याच भाषेत घालत होते. धर्म बदलल्याची एखादी तारीख त्यांच्या आयुष्यात नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ती एक हळूवार सरक होती.

मोजणी आणि वाचन यांचा आणखी एक सुंदर मेळ इराणच्या इतिहासात सापडतो. रिचर्ड बुलिएट यांनी 1979 च्या आपल्या पुस्तकात मध्ययुगीन चरित्रकोश घेतले. आपल्या उलमांनी ‘तबकात’ ही परंपरा किती कसोशीने जपली, हे आपण जाणतोच. अमुक बिन तमुक बिन तमुक, अशी त्यात वंशावळ असते. बुलिएट यांनी पाहिले की, मागे जाता जाता एका टप्प्यावर अरबी-इस्लामी नावे संपतात आणि जुने फारसी नाव येते. तो टप्पा म्हणजे त्या घराण्यातले धर्मांतर. अशा वंशावळी एकत्र मांडल्यावर एक वक्ररेषा मिळाली : आधी अगदी संथ, मग वेगवान, मग पुन्हा संथ. नवी रीत समाजात पसरताना जशी रेषा दिसते, तशीच. सातव्या शतकाच्या मध्याला इराणमधली जुनी सत्ता संपली होती. या रेषेनुसार तिथली निम्मी लोकसंख्या मुसलमान होईपर्यंत नवव्या शतकाचा पूर्वार्ध उजाडला. विजय काही वर्षांत मिळाला, धर्मांतराला पावणेदोनशे वर्षे लागली.

या पद्धतीच्या मर्यादाही उघड आहेत. चरित्रकोशात स्थान मिळाले ते विद्वानांना, शहरवासीयांना. खेड्यातला शेतकरी त्यात जवळपास नाही. वंशावळ बापाकडून मोजली जाते, त्यामुळे आईचे नाव आणि तिची वाट हिशेबात येत नाही. जे नोंदलेच गेले नाही, त्याची सरासरी निघत नाही.

त्या न नोंदल्या गेलेल्या बाईचा आवाज आपल्या दख्खनमध्ये ऐकू येतो. विजापूरच्या सुफींवरच्या 1978 च्या पुस्तकात ईटन यांनी ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ या दखनी रचनांचा अभ्यास केला. दळताना, सूत कातताना बायकांनी गायची ही गाणी. जात्याच्या दांड्यात अल्लाहचा अलिफ पाहायला शिकवणारी. दर्ग्यातल्या फारसी ग्रंथांपेक्षा स्वयंपाकघरातल्या या गाण्यांनी दीन घरात आणला, असे त्यांचे म्हणणे. जात्यावरच्या ओव्या ज्या मुलखात घरोघरी गायल्या जात, तिथल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. कोणत्याही खानेसुमारीच्या रकान्यात ही गोष्ट बसली नसती.

पण वाचनालाही झडती द्यावी लागते. याच पुस्तकात ईटन यांनी सुरुवातीच्या काही सुफींना लढवय्ये म्हटले आहे. त्यावर कार्ल अर्न्स्ट यांनी आक्षेप घेतला की, ही चित्रे नंतरच्या काळात रचलेल्या चरित्रकथांवर उभी आहेत. इब्न खल्दूनने आकड्याला विचारलेला प्रश्न अर्न्स्ट यांनी कहाणीला विचारला : तू कधीची, आणि कोणासाठी रचलेली?

हा सगळा ऊहापोह कशासाठी? कारण महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा असा इतिहास अजून पुरता लिहिलेला नाही. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात आपण 11.54 टक्के आहोत. ही माणसे कोण, हे आपल्या आडनावांतच लिहिले आहे : तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, शिकलगार, मुलाणी, मणियार, आणि सोबत देशमुख, पाटील, इनामदारसुद्धा. बुलिएट यांनी वंशावळींचे जे केले, ते आपल्या आडनावांचे, वतनाच्या कागदांचे, पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या दर्गे-मशिदींच्या इनामांचे करता येईल. कोणता पेशा कोणत्या तालुक्यात किती, हे मोजता येईल. आणि त्याच वेळी म्हाताऱ्या माणसांजवळ बसून लग्नातली गाणी, उरुसाचे मानपान, कंदुरीच्या रीती लिहून घेता येतील.

सच्चर समितीने 2006 मध्ये शिक्षण, नोकऱ्या आणि बँकांच्या कर्जांचे आकडे मांडले, तेव्हा ‘लांगूलचालना’च्या आरोपाला पहिल्यांदा ठोस उत्तर मिळाले. त्या अहवालात मात्र आकड्यांच्या तक्त्यांआधी एक प्रकरण आहे, लोकांना काय वाटते याचे. ओळख, सुरक्षितता आणि न्याय यांबद्दल जागोजागीच्या मुसलमानांनी सांगितलेले त्यात आले आहे. तक्ते तेवढे वाचले तर मागासलेपण दिसते, भीती दिसत नाही. तेवढे प्रकरणच वाचले तर भीती दिसते, पण तिला तक्रारखोरपणा म्हणून उडवून लावता येते. दोन्ही एकत्र वाचले की उडवणाऱ्याची पंचाईत होते.

पूर्वजांबद्दलच्या प्रश्नाचेही तेच आहे. त्या प्रश्नावर चिडण्याचे कारण नाही आणि खोट्या शजऱ्याआड लपण्याचेही नाही. इथल्याच मातीतली, इथलेच कसब असलेली माणसे होती ती. शतकानुशतके, कोणी नांगरामागून, कोणी पिराच्या उंबऱ्यावरून, कोणी जात्याच्या गाण्यातून, कोणी सत्तेच्या लोभाने आणि कोणी सक्तीनेही या दीनमध्ये आली. यातले कोण किती, हे मोजायचे राहिले आहे. कसे, ते सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊन बसू, मोजणी नंतरही करता येईल.