एक नकार, दोन नावे

धामणगाव बढे हे वऱ्हाडातले गाव; येथून खानदेश फारसा दूर नाही. परंतु 1903 पासून 1956 पर्यंत इकडचा कारभार नागपूरहून चाले आणि तिकडचा मुंबईहून. त्यामुळे इकडे जो तहसीलदार, तोच तिकडे मामलेदार. इकडे जो पटवारी, तोच तिकडे तलाठी. पुढे महाराष्ट्र राज्य झाले, आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेने इकडचा तहसीलदार व तिकडचा तलाठी अशी दोन्ही घरची नावे घेऊन मेळ घातला.

संगणकाच्या इतिहासातही असाच पेच पडला. प्रोग्रामला फाइल उघडावयाची असली की तो स्वतः दप्तरात हात घालीत नाही; कार्यप्रणालीकडे मागणी करतो. नकार मिळाला, तर कारणादाखल एक आकडा हाती येतो. 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्समध्ये ‘परवानगी नाही’ याचा आकडा 13 झाला. 1983 च्या एमएस-डॉसमध्ये आणि पुढे विंडोजमध्ये तोच 5. युनिक्समध्ये मात्र 5 म्हणजे वाचन-लेखनातील बिघाड! ‘फाइल नाही’ याचा आकडा दोन्हीकडे 2; पण वाटेतले फोल्डरच नसेल, तर विंडोज 3 सांगते, युनिक्स पुन्हा 2 च.

1988 च्या पॉझिक्स मानकाने युनिक्सच्या गोतावळ्यापुरती या कारणांची नावे पक्की केली. विंडोजशी मेळ घालण्याचे काम प्रोग्राम लिहिण्याच्या भाषांवर आले. 2012 साली पायथन भाषेच्या 3.3 आवृत्तीने ‘फाइल नाही’, ‘परवानगी नाही’ अशा कारणांना सर्व प्रणालींवर एकच नाव दिले. आणि विंडोजचा मूळ आकडाही सोबत राखला.

आम्हांस या राखण्याचे मोल अधिक वाटते. कचेरीत ‘कागदच नाही’ असे ऐकले, की माणूस हताश होऊन घरी परततो; ‘दाखविण्याची परवानगी नाही’ असे ऐकले, तर तो अर्ज करतो. दोन्ही नकारांना एकच गुळगुळीत वाक्य लावले, तर एकसूत्रीपणा येईल, पण त्या माणसाची पुढची वाट बंद होईल. नाव एक करावे. कारण मात्र पुसू नये.