बॅटरी बदलण्याची रीत

मोबाइलचे मागचे झाकण नखाने उचकटायचे, थकलेली बॅटरी काढायची आणि नवी बसवायची, ही रीत फोनइतकीच जुनी होती. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, यथावकाश ती मोबाइलमध्ये स्थिरावली, तरी झाकण राहिलेच. नोकिया ११०० मधली बीएल-५सी बॅटरी तर भारतात फोनपेक्षा दीर्घायुषी ठरली. छोटे एफएम रेडिओ आणि स्पीकरही तिच्यावर चालू लागले.

ऑगस्ट २००७ मध्ये या सुटेपणाचे मोल कळले. मात्सुशिताने बनवलेल्या काही बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंग करताना शॉर्ट सर्किट होऊन तापत होत्या. नोकियाने ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत इशारा दिला. ग्राहकाने झाकण उघडून क्रमांक ताडून पाहायचा आणि सदोष बॅटरी बदलून घ्यायची, एवढेच काम होते. फोन खिशातच राहिला.

त्याच वर्षी जूनमध्ये विक्रीला आलेल्या आयफोनला मात्र झाकणच नव्हते. यामागे अभियांत्रिकी नव्हती असे नाही. सुट्या बॅटरीला टणक कवच लागते आणि ते जागा खाते; आत चिकटवलेली बॅटरी तेवढ्याच जागेत मोठी बसते. धूळ-पाण्याचे कारणही दिले गेले, पण ते अर्धेच खरे. सॅमसंगचा २०१४ चा गॅलेक्सी एस-५ पाण्यात टिकत होता आणि त्याचे झाकणही निघत होते. पुढच्याच वर्षी एस-६ बंदिस्त झाला. २०१६ मध्ये नोट-७ च्या बॅटऱ्या पेटू लागल्या, तेव्हा सुमारे २५ लाख फोन अख्खेच्या अख्खे परत मागवावे लागले.

बॅटरीचे म्हातारपण आणि फोनचे म्हातारपण या तोवर दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आता त्या एक झाल्या. लिथियम-आयन बॅटरीची झीज अटळ असते. प्रत्येक चार्जिंगमध्ये थोडे लिथियम ऋणाग्रावरच्या थरात अडकून वाया जाते, आणि उष्णतेने हा वेग वाढतो. ओप्पोने २०१४ मध्ये ‘वूक’ हे तंत्र आणल्यावर जलद चार्जिंगची चढाओढ लागली. प्रवाह फार जोराचा असला की आयनांना ग्राफाइटमध्ये शिरायला वेळ पुरत नाही आणि धातुरूप लिथियम पृष्ठभागावर साचते. उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी बॅटरीचे दोन भाग करून चार्जिंगचा भार दोघांत वाटण्याची युक्तीही पुढे आली.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले की जुन्या बॅटरीच्या काही आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरद्वारे घटवला जातो. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून, असे कंपनीचे म्हणणे होते. ते तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगे होते. पण नव्या बॅटरीने फोन पुन्हा पळेल, हे ग्राहकाला कोणी सांगितले नव्हते. ओरड झाल्यावर भारतात बॅटरी बदलण्याचा दर सुमारे ६,५०० रुपयांवरून २,००० वर आला. फ्रान्समध्ये नियोजित कालबाह्यता, म्हणजे वस्तू मुद्दाम लवकर निकामी होईल अशी बेतणे, २०१५ पासून गुन्हा आहे. तरी २०२० मध्ये ॲपलला झालेला अडीच कोटी युरोंचा दंड माहिती दडवल्याबद्दल होता.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. मात्र चार्जिंगच्या १,००० आवर्तनांनंतरही ८० टक्के क्षमता राखणाऱ्या आणि पाण्यात टिकणाऱ्या फोनांना सवलत आहे. त्यांची बॅटरी दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बदलून घ्यावी लागेल.