घर मुंब्र्यात, रोजी मदनपुऱ्यात

१९९३ च्या उन्हाळ्यात आम्ही मदनपुरा सोडून मुंब्र्याला आलो. का, हे सांगायला नको. अब्बांचं बॅगा शिवायचं काम मात्र मदनपुऱ्यातच राहिलं. फजर पढून ते धिमी लोकल पकडत. जलद गाड्या तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून परस्पर निघून जायच्या.

मदनपुरा वसला तो पायी चालणाऱ्यांचा म्हणून. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर इथं स्थिरावले. माग घरात नाहीतर शेजारच्या गल्लीत, गिरण्याही हाकेच्या अंतरावर. मोहल्ला दाट होता, कोंदटही होता. पण रोजीला जायला तिकीट लागत नव्हतं.

सरकारला गर्दी दिसली, ही सोय दिसली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने रुंद रस्ते काढले आणि त्यासाठी पुष्कळ घरं पाडली. उठवलेल्या माणसाचं काम जुन्या वस्तीतच असायचं, त्यामुळे तो पलीकडच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीत राहायचा. १९२० नंतर बीडीडी चाळी बांधल्या गेल्या, चार ठिकाणी मिळून २०७. वरळीतल्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या. गिरणी लांब, बाजार नाही, भाडं परवडत नाही. मजूर का येत नाहीत, याचं साहेबांना नवल वाटत होतं!

ही गोष्ट नेमकी ओळखली ती चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी. खाडीपलीकडे नुसती घरं नकोत, कामाच्या जागाही हव्यात, असा त्यांचा १९६० च्या दशकातला आग्रह होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण मंत्रालय हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव पडत राहिला. वाशीला लोकल पोहोचली १९९२ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी.

मुंब्र्याच्या वाट्याला तर असा आराखडाही आला नाही. स्टेशन होतं आणि भीती होती, एवढ्यावर गाव वाढलं. रस्ते, नळ, शाळा मागून आल्या, त्याही अपुऱ्या. दारात लटकून जाणाऱ्यांची रांग मात्र लगेच लागली.

काम आणलं ते लोकांनीच. हळूहळू कौशाच्या गाळ्यांत शिलाई मशीनं आली. २००४ मध्ये अब्बांच्या सेठनेही कारखाना इकडे हलवला. त्या महिन्यात अब्बांनी रेल्वेचा पास काढला नाही. सकाळी डबा घेऊन ते चालत निघाले.